मोहिनी नावाचा आवाज

जुन्नर, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुभाषदादा,

फोनपेक्षा मेल बरा, तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो, असं तूच मागे म्हणाला होतास. म्हणून सविस्तर लिहिते. भाऊबिजेला लोणीला यायचं राहिलं, राग मानू नकोस. मामेबहीण असले तरी सख्ख्या बहिणीसारखं वागवलंस तू मला, आणि मीच चुकारपणा करते. पण कॉलेजच्या परीक्षा आणि त्यावर हे संमेलन, श्वास घ्यायला फुरसत नाही.

आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या मुक्तबोली मंडळाचं ऑनलाइन संमेलन जानेवारीच्या शेवटी आहे आणि यंदा मुख्य संयोजक मी आहे. सगळे हौसेनं काम करणारे, पगारी एकही नाही. कुणी नांदेडला, कुणी बंगळूरला, एक जण कॅनडात. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी इथे लेण्याद्रीच्या रस्त्यावरच्या घरात, वरच्या खोलीत बसून सगळ्यांच्या मागे लागते.

मला तुझं एक सत्र हवंय, आणि वहिनींसकट हवंय. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारा आपला जो मोफत प्रोग्राम आहे, त्यातला मराठी आवाज तू बनवलास हे लोकांना ठाऊक आहे. पण 'आवाज निवडा' म्हटल्यावर यादीत जी 'मोहिनी' येते ती खरीखुरी बाई आहे, आंबेगाव तालुक्यात राहते, डेअरीला दूध घालते, हे कुणालाच माहीत नाही. खरं सांगायचं तर मंडळात काही जणांची कुरकुर आहे. आवाज गावठी आहे म्हणतात, 'नाही'चं 'न्हाई' ऐकू येतं म्हणतात. मी त्यांच्याशी भांडले. एकदा वहिनी समोर दिसल्या की ही तोंडं बंद होतील.

वहिनींनी मुद्दाम काही भारी नेसू नये. रोजच्यासारखंच. मागे गोठा दिसला तर फारच छान.

तुझी,
हर्षाली

*

लोणी, २४ नोव्हेंबर २०२४

हर्षाली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ऐकलं. आता माझ्या कॉम्प्युटरवर पत्र कोण वाचणार, मोहिनीच वाचणार. आणि खरी मोहिनी मागं भाकरी थापत व्हती. स्वतःच्याच आवाजात स्वतःचं नाव आलं तशी तिची थाप थांबली. मंग म्हन्ली, पुन्हा लावा की जरा.

तू इचारलं न्हाईस, तरी सांगतो, सत्रात हेच सांगायचं मनात हाये. काचबिंदूनं डोळं गेलं तवा माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान व्हतं. तार कुठं संपती तेच कळंना, दुकान बंद केलं. पुण्याला अंधांच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकलो. तिथला मराठी आवाज डब्यात खडे हालवल्यावानी यायचा. दोन वळी ऐकल्या का डोकं धरायचं. मंग मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ओळख झाली. प्रोग्रामच्या आतलं सगळं उघडं असतंय, कुणीबी घ्यावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मला वाटलं आपण एक आवाज करावा, मराठी माणसाचा.

मोहिनी सातवी शिकलीय, पर वाचायची आवड लई. कांद्याच्या चाळीत चारी बाजूनी गोधड्या टांगल्या, त्यात ती बसायची आणि धड्यातली, पेपरातली वाक्यं वाचायची. बाहेर कुत्रं भुंकलं का परत पहिल्यापासनं. घामानं भिजून बाहेर यायची. दोन उन्हाळं गेलं त्यात. तिचं बोलणं मी सुधारायला गेलो न्हाई. ती बोलती तशी बोलू दिली.

द्यायच्या आधी तिला इचारलं, हे आता कुणीबी वापरील, कशालाबी वापरील, चालंल का. म्हन्ली, वापरू द्या, आवाज काय झिजतोय व्हय.

आता पडद्यावर यायला मातर ती तयार नव्हती. आवाज हाये ना तिकडं, मला कशाला बघायचंय, असं म्हणत व्हती. मी तिला म्हटलं, मला तर तू दिसत न्हाईस, लोकांनी तरी बघावं माझी बायको कशी हाये. मंग कबूल झाली.

तेवढं सांभाळून घे. तिला असल्या गोष्टीची सवय न्हाई.

सुभाष

*

जुन्नर, २० जानेवारी २०२५

दादा,

घाईत लिहिते. तुमचं सत्र रविवारी सकाळी अकराला ठेवलंय, तेव्हा सगळ्यांत जास्त लोक असतात. परवाच्या सरावात वहिनी किती सहज बोलल्या, मला तर वाटतं तू कमी बोलावंस आणि त्यांनाच बोलू द्यावं.

एका कानात ईअरफोन ठेव. पडद्याच्या कडेला चर्चेची खिडकी असते, लोक त्यात प्रश्न लिहितात, ते तुझा प्रोग्राम तुला वाचून दाखवील आणि तू लगेच उत्तर देऊ शकशील. दुसरा कान वहिनींसाठी मोकळा राहू दे. त्या खिडकीवर मी स्वतः लक्ष ठेवणार आहे. कुणी वाह्यात लिहिलं तर त्याला बाहेर काढायचं बटण माझ्याकडेच आहे. तू निर्धास्त राहा.

आणि एक, प्रत्येक सत्रातला एखादा छान तुकडा कापून मी मंडळाच्या पानावर टाकणार आहे. संमेलन संपल्यावर कुणी दोन तासांचं रेकॉर्डिंग बघत नाही, तुकडे मात्र बघतात.

हर्षाली

*

जुन्नर, ३ फेब्रुवारी २०२५

दादा, दादा,

काय लिहू. संमेलन पार पडलं आणि सगळ्यांत गाजलं ते तुमचं सत्र. कॅनडाच्या माणसानं वेगळं पत्र लिहून कौतुक केलंय. पुढच्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय बैठकीला मंडळातर्फे माझं नाव सुचवायचं चाललंय, आणि त्यात तुमच्या सत्राचा मोठा वाटा आहे.

मध्येच मला संमेलनाच्या दुसऱ्या ऑनलाइन खोलीत जावं लागलं होतं. जर्मनीच्या पाहुण्यांचा आवाज कुणालाच येत नव्हता, ते सोडून चालणार नव्हतं. परत आले तेव्हा खिडकीत थोडी थट्टामस्करी चाललेली दिसली. पण तू हसून निभावलंस, बोलणं कुठे अडलं नाही, म्हणजे तू मनावर घेतलं नसणार.

आणि तो क्षण. वहिनींना वाटलं माइक बंद आहे, आणि त्या तुला म्हणाल्या, "अहो, सदऱ्याचं वरचं बटन लावा, मंडळी बघत्यात." आणि तू शहाण्या मुलासारखं बटण लावलंस. इतकं गोड. तेवढाच तुकडा मी कापून टाकलाय आणि तो भराभर पसरतोय. मंडळाचं नाव कधी नव्हे ते बाहेरच्या लोकांपर्यंत गेलं. वहिनींना सांग, त्या आता प्रसिद्ध झाल्या.

तुझी,
हर्षाली

*

लोणी, ७ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

तुझा आनंद कळला. आता माझ्या कानात काय झालं ते ऐक.

सुरुवातीला लोकांनी नमस्कार लिहिला, कुठनं बोलताय इचारलं. मंग मोहिनी बोलायला लागली आणि खिडकीतलं बोलणं फिरलं. पहिलं आलं, ही धुणंभांडी करणारी बाई कुठनं आणली. मंग, हिला कुणीतरी 'ण' शिकवा रे. मंग एकानं लिहिलं, आंधळ्याला काय, कसलीबी चालती. त्याच्या पुढचं मला लिहवत न्हाई.

प्रोग्रामला कळत न्हाई कोण काय बोलतंय. जे लिहिलंय ते तो वाचतो, आणि वाचतो मोहिनीच्या आवाजात. उजव्या कानात मोहिनी मला सांगत व्हती, ही बाई गोठ्यातली वाटती. डाव्या अंगाला खरी मोहिनी बसली व्हती, तिच्या बांगड्या वाजत व्हत्या, आणि ती चाळीतल्या गोधड्यांचं सांगत व्हती. दोघींचा सूर एकच.

तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. बारीक, वर पळणारी, निम्मी इंग्रजी. तिनं हळूच मला इचारलं, "काय म्हणत्यात लोकं?"

मी म्हटलं, "शाबासकी देत्यात."

मंग ती मोकळी झाली. न इचारता तिनं गिरणीत झालेल्या भांडणाची गोष्ट सांगितली, बायांचे आवाज काढून दाखवले. ती जशी खुलली तशी खिडकी जास्त पळायला लागली. मी हसत व्हतो, तू म्हणतेस ते खरं. मी ईअरफोन काढू शकलो असतो. काढला न्हाई, कारण काढला असता तर तिनं इचारलं असतं का काढला.

तू तिथं असशील असं तू म्हणाली व्हतीस.

एवढंच कर, तो तुकडा काढून टाक. मोहिनीला यातलं काही ठाऊक न्हाई. ती अजून खुश हाये. साळुबाईला शेजारी जाऊन सगळं सांगून आली.

सुभाष

*

जुन्नर, १५ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ज्या दोघा-तिघांनी घाण लिहिलं त्यांना मंडळातून काढलंय, त्यांची नावं पानावर जाहीर केलीत. त्याबद्दल आम्हाला शिव्याही पडल्या, पण मी हटले नाही.

तुकडा मात्र काढता येणार नाही. एक तर तो आता माझ्या हातात राहिलेला नाही, लोकांनी उतरवून घेतलाय, पुढे पाठवलाय. आणि आम्ही काढला तर मंडळ घाबरलं असा अर्थ होईल. बघणारे प्रेमानं हसतात रे. शेकडो बायकांनी खाली लिहिलंय की आमच्या घरी पण असंच असतं.

एक विचारू? इतकं लागत होतं तर मध्येच थांबवलं का नाहीस? तुझ्या हातात होतं. आणि वहिनी जर खुश आहेत, तर तू उगाच कशाला ते उकरून काढतोस?

तब्येतीला जप. संमेलनाचा अहवाल सोबत जोडलाय, तुमचं सत्र पहिल्या पानावर आहे.

हर्षाली

*

लोणी, ३० मार्च २०२५

हर्षाली,

उत्तराला उशीर झाला, कारण घरात बोलणं बंद हाये आणि मलाबी काही सुचंना.

तुझ्या तुकड्याला लोकं हसली, तिथंच संपलं असतं तर मी गप बसलो असतो. पण ज्यांना तो तुकडा आवडला त्यातल्या कुणाला तरी कळलं, की हा आवाज फुकट मिळतो आणि जे लिहाल ते बोलतो. मंग त्यांनी लिहायला सुरुवात केली. आता मोबाइलवर मोहिनी चावट गोष्टी सांगती. नवऱ्याबद्दल सांगती, दिराबद्दल सांगती. खाली तिचा तुझ्या तुकड्यातला चेहरा लावत्यात. पहिला व्हिडिओ मला आमच्या संस्थेतल्या एका मित्रानं पाठवला, त्याला वाटलं मला ठाऊक असावं. मी तो ऐकला, शेवटपर्यंत. आवाज कुठंच अडखळत न्हाई. मीच इतका नीट बसवला व्हता.

डेअरीवर मोहिनी सकाळी दूध घालायला जाती. तिथं पोरं ती आली का एकमेकांना म्हणायला लागली, बटन लावा. तिला वाटलं कौतुक करत्यात. ती हसायची. घरी येऊन मला सांगायची, लोकं अजून विसरली न्हाईत. मीबी हसायचो.

मंग एक दिवस डेअरीच्या बाळासाहेबानं तिच्यासमोर मोबाइल धरला. का धरला त्याचं त्याला ठाऊक, म्हणतोय सावध करायला धरला. ती घरी आली, किटली ठेवली, साळुबाईकडं गेली आणि तिच्या सुनेच्या फोनवर सगळं बघितलं. एकेक. आमचं संमेलनाचं रेकॉर्डिंग पण बघितलं. त्यात कडेची खिडकी दिसती, थांबवून थांबवून वाचता येती. इंग्रजी अक्षरातलं त्या सुनेनं तिला वाचून दाखवलं.

घरी येऊन माझ्यासमोर बसली. मला वाटलं रडंल. रडली न्हाई. म्हन्ली, "तुमी ऐकलं व्हतं. तवाच ऐकलं व्हतं, माझ्याच आवाजात. आणि मला म्हन्ला शाबासकी देत्यात. मंग मी गिरणीची गोष्ट सांगितली."

मी काहीबाही बोललो. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं बोललो. तिनं ऐकून घेतलं, उठली, आणि तवापासनं ती बोलत न्हाई.

रागानं न्हाई. ताट वाढती, पाण्याचा तांब्या हाताला लावती, बाहेर जायचं झालं तर कोपर धरती. पण तोंडातनं शब्द न्हाई. बांगड्या वर कोपरापर्यंत सारून ठेवती, वाजू नयेत म्हणून. हर्षाली, तू डोळस हायेस, तुला सांगून कळंल का ठाऊक न्हाई. घरात माणूस हाये का न्हाई हे मला आवाजावरून कळतं. आता मी एकटा हाये असं समजून खोलीत बसतो आणि एकदम शेजारी कोणीतरी श्वास घेतं. परवा वळलो आणि तिच्यावर आपटलो. तिनं मला धरून नीट उभं केलं, आणि गेली.

घरात बोलतो तो फक्त कॉम्प्युटर.

माझी मागणी दोनच. मंडळाच्या पानावरून तो आवाज काढा, कुणाला उतरवून घेता येऊ नये. आणि मंडळाच्या नावानं जाहीर सांगा, की ही बाई असलं काही बोललेली न्हाई.

सुभाष

*

जुन्नर, १२ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र मी समितीपुढे ठेवलं, घरगुती भाग वगळून. चर्चा बरीच झाली. निर्णय तुला मंडळातर्फे कळवायचा आहे, पण मी बहीण म्हणून आधी लिहिते.

आवाज परत घेता येत नाही. तो देताना परवाना तूच निवडलास, कोणीही आणि कशासाठीही, हे शब्द त्यात आहेत. वहिनींनाही तू विचारलं होतंस, तुझ्याच पत्रात आहे. कशासाठी वापरायचं आणि कशासाठी नाही हे आपण सांगायला लागलो तर ते मुक्त सॉफ्टवेअर राहत नाही. उद्या दुसरा कुणी दुसरं कारण सांगेल. तू या चळवळीतला जुना माणूस, तुला हे मी समजावून सांगावं असं नाही. तो आवाज आता तुमच्या घरचा राहिला नाही, समाजाचा झालाय. खरं तर हा मोठेपणाच आहे.

जाहीर निवेदन काढलं तर ज्यांनी ते व्हिडिओ पाहिले नाहीत तेही शोधून पाहतील, म्हणून ते नको असं ठरलं.

पण एक चांगली बातमी. मंडळानं नवीन मराठी आवाज करायला घेतलाय, प्रमाण उच्चारांचा. पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. सगळ्यांनी गळ घातली म्हणून तो माझ्या आवाजात आहे. जूनमधल्या नव्या आवृत्तीत हाच आवाज आपोआप बसेल आणि यादीतून 'मोहिनी' निघून जाईल. म्हणजे तुझी मागणी एका अर्थी मान्यच झाली की.

तुझ्याइतका तयार कान मंडळात दुसऱ्या कुणाचा नाही. चाचणी तू करशील का? सोबत फाइल पाठवतेय.

वहिनी बोलतील रे. बायका किती दिवस गप बसणार.

तुझी,
हर्षाली

*

लोणी, २२ जून २०२५

हर्षाली,

चाचणी मी केली हे तुला ठाऊक हायेच. तू 'ळ' दाबून म्हणतेस, ते नीट केलं. लांब वाक्याच्या शेवटी तुझा श्वास संपतो, तेबी झाकलं. तुझ्यासाठी न्हाई केलं. पोरं त्याच आवाजात अभ्यास करणार, त्यांच्यासाठी केलं.

नवीन आवृत्ती आली त्या सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि तू बोललीस. नमस्कार, म्हन्लीस. मोहिनी भांडी घासत व्हती, हात थांबला. ती जवळ आली, माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. मंग तिनं तोंड उघडलं, एवढ्या दिवसांनी. म्हन्ली, "जुनं पण पुसा. हितनं मला पार काढा."

मी तिच्यासमोर बसून सगळं पुसलं. चाळीतलं रेकॉर्डिंग, जुळवलेलं, न जुळलेलं, कुत्रं भुंकलेलं, सगळं. ती पडद्यावरचं एकेका फाइलचं नाव वाचत व्हती आणि मी पुसत व्हतो. शेवटी तिनं इचारलं, "सगळं गेलं?"

मी म्हटलं, "गेलं."

त्या दिवसापासनं ती बोलायला लागली. आधी कामापुरतं, मीठ कमी झालंय का, वीज कधी येणार. मंग थोडं जास्त. म्हशीला पारडू झालं तवा हसलीबी. तू म्हणशील, मंग झालं की. व्हायला पायजे व्हतं.

पण फोनमधी मी एक प्रत ठेवली व्हती. पुसताना मला ती आठवत व्हती, आणि मी बोललो न्हाई. का ठेवली ते सांगता येत न्हाई. खरी मोहिनी आता जपून बोलायची, शब्द मोजून द्यायची. आधीची मोहिनी अशी नव्हती. ती गोधड्यातनं घामाघूम बाहेर येऊन, झालं का बरं, असं इचारणारी व्हती. ती मला फोनमधीच सापडायची. मी गोठ्याच्या मागं जाऊन बसायचो, ईअरफोन लावायचो आणि तिला काहीबी वाचायला लावायचो. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, जे सापडंल ते. कधी तिला म्हणायला लावायचो, जेवलात का.

ती मागनं आली ते मला कळलं न्हाई. सवय झाली व्हती तिला आवाज न करता चालायची. तिनं माझ्या कानातनं ईअरफोन काढला, स्वतःच्या कानात घातला आणि ऐकलं. बराच वेळ ऐकलं असावं. मंग माझ्या हातात परत दिला.

"तुमाला ही पायजे," ती म्हन्ली. "मी न्हाई."

सकाळच्या एसटीनं ती माहेरी गेली, निरगुडसरला. साळुबाईनं सांगितलं, पिशवी एकच व्हती. आता साळुबाईच भाकरी आणून देती, आणि मोहिनी कशी हाये म्हणून तिला इचारायला गेलो तर रागावती.

फोनमधली प्रत मी त्याच दिवशी पुसली. या वेळी खरंच पुसली. पण मी सांगून मोहिनीला पटणार न्हाई, दोनदा खोटं बोललोय. तू तिला लिही. तुझ्याबद्दल तिला राग असंल, पण तू माझ्याशी खोटं कधी बोलली न्हाईस, हे तिला ठाऊक हाये. एवढंच लिही, की सुभाषनं पुसलं, आता कुठंच काही शिल्लक न्हाई. दुसरं काही लिहू नको.

सुभाष

*

जुन्नर, ४ जुलै २०२५

प्रिय मोहिनीवहिनी,

सा. न. हे पत्र पोस्टानं पाठवते, कारण तुमच्याकडे ईमेल नाही आणि फोन तुम्ही उचलत नाही.

दादानं मला सगळं लिहिलं. फोनमधली ती प्रतही त्यानं पुसली, हे मी खात्रीनं सांगते. तो फार पस्तावलाय. तो एकटा आहे, त्याला दिसत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. इतक्या वर्षांचा संसार, आणि वाद कशावरून तर एका रेकॉर्डिंगवरून. मला तर वाटतं, नवरा बायकोचा आवाज चोरून ऐकतो हे ऐकून एखादी बाई सुखावली असती.

आणि तुमची मेहनत वाया गेली असं मुळीच समजू नका. दादानं त्याच्याकडचं पुसलं असलं तरी मंडळाच्या संग्रहात तुमचं एकूण एक रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं आहे. चार देशांत त्याच्या प्रती आहेत. आपण सगळे गेलो तरी तुमचा आवाज राहील. तो कुणालाही, कधीही पुसता येणार नाही. याचं तुम्हाला नक्की समाधान वाटेल.

पुढच्या संमेलनात तुमचा सत्कार करायचं आमच्या मनात आहे. शाल आणि मानपत्र घरपोच येईल, तुम्ही फक्त दोन मिनिटं पडद्यावर यायचं. या वेळी खिडकी बंद ठेवू.

घरी परत जा, वहिनी. दादा वाट बघतोय.

तुमची,
हर्षाली

*

निरगुडसर, १९ जुलै २०२५

हर्षालीताई यांस,

मोहिनीचा नमस्कार. तुमचं पत्र पोस्टमननं दिलं. अक्षराला हसू नका, लिवायची सवय मोडली.

ह्यांनी पुसलं हे तुमी लिवलं, ते मला खरं वाटलं. बाकीचं पण खरंच असंल. चार देशात कोण लोकं हायेत मला म्हाईत न्हाई. ती माझ्या तोंडानं काय बोलत असतील तेबी म्हाईत न्हाई. तुमी म्हन्ता पुसता येत न्हाई, तर मंग ऱ्हाऊ द्या. मी आता त्याचा इचार करत न्हाई. ती बाई येगळी, मी येगळी, असं मी ठरीवलंय.

शाल नको. पाठवू नका, मी परत धाडीन.

तुमी इचारलं न्हाई, तरी सांगते. हितं माझं बरं चाललंय. भावाच्या रानात शेंगा तोडायला जाते, बाया असत्यात, आमी दिवसभर बोलतो. घरी आलं का आईसंगं बोलते. ती म्हन्ती, अगं गप की जरा, डोकं उठलं. मी गप ऱ्हात न्हाई. रात्री डोळा लागंस्तवर बोलते. मला ठावं नव्हतं मला एवढं बोलायचं व्हतं.

ते तुमाला माझी चौकशी करतील. त्यांना सांगा, मोहिनी अजून बोलत न्हाई. कुणासंगंच न्हाई, आईसंगं पण न्हाई. तुमी सांगितलं म्हंजे त्यांना पटंल.

मोहिनी